बोधनऱ्हास, वार्धक्यातील

वाढत्या वयाबरोबर स्मरण, अवधान, भाषा, स्थलकालाचे भान, हिशेब आणि निर्णय या मानसिक क्रियांत होणारी घट. ‘साठी बुद्धी नाठी’ ही मराठीतील जुनी म्हण ही घट वयाचा अटळ परिणाम असल्याचे गृहीत धरते. प्रत्यक्षात ती सर्वांत सारखी नसते. काहींची बुद्धी नव्वदीतही शाबूत राहते, तर काहींची साठीच्या आतच क्षीण होऊ लागते. या तफावतीचा काही भाग आनुवंशिकतेमुळे व मेंदूच्या विशिष्ट रोगांमुळे पडतो. परंतु बराच भाग शिक्षण, आहार, रक्तदाब, दृष्टी, श्रवण, धूर, एकाकीपण आणि दारिद्र्य यांच्याशी निगडित आहे, असे गेल्या चार दशकांतील संशोधनावरून दिसून आले आहे. प्रस्तुत नोंदीत या सामाजिक व आरोग्यविषयक घटकांचा विचार मुख्यतः मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

बोधनऱ्हासाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत माणसाला नावे आठवण्यास वेळ लागतो, एका वेळी दोन कामे जमत नाहीत. मात्र व्यवहार अडत नाही. दुसरीत, म्हणजे सौम्य बोधनदोषात, विसराळूपणा घरच्यांच्या लक्षात येण्याइतका वाढतो. तरी रोजची कामे माणूस स्वतः करू शकतो. या पायरीवरील सर्वच व्यक्ती पुढे जातात असे नाही. काही तेथेच स्थिरावतात, काही पूर्ववतही होतात. तिसरी पायरी स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शिया) होय. ओळखीच्या माणसाचे नाव न आठवणे व स्वतःच्या शेताची वाट न आठवणे यांतील फरक तो या पायऱ्यांमधील फरक होय. चुलीवर भाकरी टाकून ती विसरणे कोणासही घडते. भाकरी कशी थापावी हेच न उमगणे ही मात्र रोगाची खूण असते.

स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून अनेक रोगांचा परिणाम असतो. त्यांतील सर्वांत जास्त आढळणाऱ्या रोगाचे वर्णन आलोइस अल्त्सहायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये केले व १९१० मध्ये एमील क्रेपेलीन यांनी त्यास अल्त्सहायमर (रूढ उच्चार अल्झायमर) रोग हे नाव दिले. त्यात मेंदूतील तंत्रिका कोशिकांभोवती व कोशिकांमध्ये विशिष्ट प्रथिने साचतात आणि कोशिका नष्ट होत जातात. दुसरा महत्त्वाचा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याने किंवा बंद पडण्याने उद्भवतो. वृद्धांच्या शवविच्छेदनात बहुधा दोन्हींची चिन्हे एकत्र सापडतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे आरोग्य जपणे हे अल्झायमर रोग असणाऱ्यांच्या बाबतीतही निरर्थक ठरत नाही.

भारतातील प्रमाण : भारतात हा विकार विरळा आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती व तिला काही अभ्यासांचा आधारही होता. हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण लोकसंख्येत १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास आढळले. मुंबईतील एका पाहणीत (२००१) त्याच वयोगटात ते २.४४ टक्के होते. त्यानंतर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने भारतातील वार्धक्याची दीर्घकालीन पाहणी सुरू केली. तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींचा समावेश होता. तिच्याशी संलग्न अशा खास अभ्यासावरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत व शिकलेल्यांपेक्षा अशिक्षितांत अधिक आहे. जुन्या व नव्या आकड्यांतील अंतर म्हणजे केवळ रोगाची वाढ नव्हे. वयोगट, तपासणीची रीत व निदानाची कसोटी बदलली की आकडा बदलतो. पूर्वी बाधित वृद्ध फार काळ जगत नसत आणि जे जगत त्यांचा विकार घरच्यांना विकार वाटत नसे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

शिक्षण : सर्व सामाजिक घटकांत शिक्षणाचा प्रभाव सर्वाधिक स्पष्टपणे दिसून येतो. बालपणी व तरुणपणी मेंदूला मिळालेल्या सरावाने एक प्रकारची राखीव शक्ती निर्माण होते व पुढे मेंदूत रोगजन्य बदल झाले, तरी त्यांचे परिणाम उशिरा प्रकट होतात, अशी उपपत्ती मांडली जाते. तीस ‘बोधनसंचय’ म्हणता येईल.

परभणी जिल्ह्यात आज वृद्ध असलेल्या पिढीला हा संचय करण्याची संधी फारच थोडी मिळाली. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात शाळा थोड्या होत्या व वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून दिले जाई. मराठी मुलाला घरची भाषा सोडूनच शिकावे लागे. सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या मोजक्या राष्ट्रीय वृत्तीच्या संस्था या परिस्थितीत अपवादात्मक होत्या. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता अवघी ९ टक्क्यांच्या सुमारास होती आणि स्त्रियांची त्याहून पुष्कळच कमी. आज ऐंशी ओलांडलेली व्यक्ती त्या वेळी शाळेत जाण्याच्या वयाची होती किंवा ते वय नुकतेच ओलांडत होती. हा प्रदेश १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर प्राथमिक शाळा खेड्यांत पोहोचल्या. परंतु मुली लवकर लग्न होऊन किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेबाहेरच राहिल्या. त्यातच १९७२ च्या दुष्काळाने अनेक कुटुंबांतील तरुण मुला-मुलींना दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास धाडले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजारांच्या सुमारास असून साक्षरता सुमारे तीन-चतुर्थांश झाली होती. मात्र या सरासरीत तरुणांचा वाटा मोठा आहे. साठीपुढील स्त्रियांच्या पिढीस ती लागू पडत नाही.

शिक्षण व बोधन यांचा संबंध मोजताना एक अडचण येते. तपासणीच्या रूढ चाचण्या शाळेत गेलेल्या माणसासाठी रचलेल्या असतात. तारीख व साल सांगणे, शंभरातून सात-सात वजा करणे, एखादे वाक्य लिहिणे, पंचकोनाची आकृती उतरवून काढणे हे सर्व पाटी-पेन्सिल हाती न घेतलेल्या स्त्रीला निरोगी मेंदू असूनही जमत नाही. तिला रोगी ठरविण्याचा धोका असतो. उलट, सुशिक्षित माणूस रोगाच्या प्रारंभी हीच चाचणी सहज पार करतो. बल्लभगढच्या संशोधकांनी यासाठी हिंदी चाचणी नव्याने घडविली. तीत वाचून कृती करण्याऐवजी परीक्षकाच्या कृतीचे अनुकरण करण्यास व वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगण्यास म्हटले जाते. परभणीच्या खेड्यातील वृद्धेला इंग्रजी तारखेपेक्षा सध्या कोणता मराठी महिना चालू आहे, पोळा होऊन गेला की यावयाचा आहे, गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे विचारणे अधिक न्याय्य होय. वयाचीही तीच गोष्ट. जन्मनोंद नसल्याने वय रझाकारांच्या काळावरून, बहात्तरच्या दुष्काळावरून किंवा किल्लारीच्या भूकंपावरून (१९९३) काढावे लागते आणि दस्तऐवजावरील वय पुष्कळदा अंदाजी असते.

निरक्षर म्हणजे स्मरणशून्य नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. जात्यावरील शेकडो ओव्या, हरिपाठ, नात्यागोत्याची गुंतागुंत, कोणत्या नक्षत्रात काय पेरावे याचे ज्ञान, उसन्या धान्याचा तोंडी हिशेब हे सर्व या पिढीने डोक्यात वागविले. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्या परिसरात तर ओवी-अभंगांचे पाठांतर हा स्त्रियांच्या रोजच्या जीवनाचा भाग होता. अशा मौखिक सरावाने बोधनसंचयात कितपत भर पडते, हे मोजण्याची चाचणी शिक्षणाच्या वर्षांइतकी सोपी नाही, म्हणून अभ्यासांत ती सहसा आढळत नाही. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि हा सरावही ओसरला.

वैधव्य, स्थलांतर व एकाकीपण : लग्नाच्या वेळी पतीचे वय पत्नीपेक्षा बरेच जास्त असण्याची प्रथा आणि स्त्रियांचे अधिक आयुर्मान यांमुळे वार्धक्यात विधवांची संख्या विधुरांपेक्षा कितीतरी अधिक असते. पतीच्या निधनाबरोबर स्त्रीचा घरातील अधिकार, जमिनीवरील ताबा व सणासमारंभांतील स्थान आकुंचित होते. बोलण्याचे, सल्ला देण्याचे व निर्णय घेण्याचे प्रसंग कमी झाले की मेंदूचा वापरही कमी होतो. विधवांत बोधनऱ्हासाचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागे वय व शिक्षण यांखेरीज हेही एक कारण असावे.

जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पाथरी इ. तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. इतर अनेक तरुण पुणे, मुंबई येथे कायमचे स्थिरावतात. मागे राहतात ते वृद्ध व शाळकरी नातवंडे. या पाच-सहा महिन्यांत आजीवर घर, गुरे व मुले यांचा भार पडतो. मेंदू कार्यरत राहण्याच्या दृष्टीने जबाबदारी उपकारक असली, तरी तिच्यासोबत येणारी अर्धपोटी राहणी, औषधात पडणारा खंड व चिंता यांबाबत तसे म्हणता येत नाही. शिवाय विस्मरणाची सुरुवात प्रथम लक्षात येते ती सोबत राहणाऱ्या प्रौढ माणसाच्या. तोच गावी नसल्याने निदान लांबते.

संयुक्त कुटुंब हे वृद्धांचे कवच होय, असे सामान्यतः मानले जाते. ते अंशतःच खरे आहे. घरात दहा माणसे असूनही वृद्धाशी दिवसभरात जेवणाव्यतिरिक्त कोणी बोलत नाही, ही स्थिती दुर्मिळ नाही. आणि बहिरेपण आले की ती हमखास येते. याउलट एकट्या राहणाऱ्या परंतु देवळातील भजनात, पारावरच्या गप्पांत व बाजारात नियमाने जाणाऱ्या व्यक्तीचा संपर्क अधिक असू शकतो. राज्य परिवहन मंडळाच्या बसमधून ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ मध्ये मोफत प्रवासाची सवलत देण्यात आली. तिचा हेतू आरोग्यविषयक नव्हता. तथापि लेकीच्या गावी किंवा जत्रेस जाऊ शकणारा वृद्ध समाजापासून तुटत नाही, हा तिचा परिणाम बोधनाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

रक्तवाहिन्या व चयापचय : मध्यम वयातील अतिरक्तदाब व मधुमेह यांचा पुढील बोधनऱ्हासाशी निश्चित संबंध आढळला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के व अतिरक्तदाब ३५.५ टक्के असल्याचे दिसले. हे विकार केवळ शहरी सुखवस्तूंचे राहिलेले नाहीत. रक्तदाब वाढल्याने काही दुखत नाही, म्हणून खेड्यात गोळी ‘बरे वाटले’ की बंद केली जाते. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात (२०१९) रक्तदाब अधिक काटेकोरपणे नियंत्रित केलेल्या गटात सौम्य बोधनदोष सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला. वृद्धाने रक्तदाबाची गोळी का चालू ठेवावी, याचे याहून समजण्याजोगे कारण क्वचितच सांगता येईल.

आहार : ब१२ जीवनसत्त्व तंत्रिका तंत्राच्या कार्यास आवश्यक असून ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या केलेल्या पाहणीत (२००६) सुमारे दोन-तृतीयांशांत ते कमी असल्याचे आढळले. ज्वारीची भाकरी, वरण व भाजी या मराठवाड्यातील रोजच्या जेवणात दूध-दह्याचा वाटा अल्प असतो. माळकरी कुटुंबांत मांस वर्ज्य. आणि घरात दूध असले, तरी ते आधी विक्रीला, मग मुलांना व शेवटी म्हातारीला मिळते. वृद्धांच्या जठरात हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नसल्याने उणीव आणखी वाढते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, चिडचिड व विस्मरण ही तिची लक्षणे होत. वेळीच ओळखल्यास इंजेक्शने वा गोळ्या देऊन ती दूर करता येते. मात्र उणीव नसलेल्या वृद्धास ही इंजेक्शने देऊन स्मरण वाढत नाही. शक्तिवर्धक म्हणून ती सरसकट टोचण्याच्या प्रघातास शास्त्रीय आधार नाही.

दृष्टी व श्रवण : मोतीबिंदू व बहिरेपण ही म्हातारपणाची सामान्य गाऱ्हाणी समजून सोडून दिली जातात. तथापि ज्ञानेंद्रियांकडून येणारी माहिती घटली की मेंदूचे काम घटते व माणूस संभाषणातून माघार घेतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींत स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला, असे अमेरिकेतील एका निरीक्षणात्मक अभ्यासाने दाखविले आहे. मात्र शस्त्रक्रिया करून घेणारे लोक मुळातच अधिक सुदृढ असण्याची शक्यता लक्षात घेता हा आकडा बेताने वापरावा. श्रवणयंत्रांचा प्रयोग (२०२३) अधिक बोलका आहे. तीन वर्षांत एकूण सहभागींत फरक पडला नाही. परंतु ज्यांना ऱ्हासाचा धोका आधीच जास्त होता त्या गटात घट जवळजवळ निम्म्याने मंदावली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे (१९७६) खेडोपाडी पोहोचल्या. श्रवणयंत्राचे तसे झालेले नाही.

धूर व तंबाखू : या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत झरोके थोडे असत. अशा घरात तुराट्या-पऱ्हाट्या व शेणाच्या गोवऱ्या जाळून चाळीस-पन्नास वर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रीच्या फुप्फुसांत किती धूर गेला असेल, याची कल्पना करता येते. घरातील धुराचा संबंध वृद्धांच्या बोधनक्षमतेशी असल्याचे भारतीय पाहणीत आढळले आहे. गॅसजोडण्यांचा प्रसार २०१६ नंतर वेगाने झाला; आजच्या आजींच्या दृष्टीने तो उशिरा आला. धूम्रपानाची हानी सिद्ध आहे. महाराष्ट्रात मात्र तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे व मिश्री लावण्याचे प्रमाण कितीतरी मोठे असून २०१६-१७ च्या पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. तिचा बोधनाशी संबंध धूम्रपानाइतका पक्का ठरलेला नाही. रक्तदाब व मुखाचा कर्करोग यांच्याशी आहे.

भ्रम व फसवी साम्ये : काही तासांत किंवा दिवसांत अचानक आलेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश नव्हे. त्यास भ्रमावस्था म्हणतात व तो तातडीने उपचार करण्याचा प्रसंग होय. परभणीचा उन्हाळा कडक असतो. पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. वृद्धांना तहान कमी लागते, रात्री उठावे लागू नये म्हणून ते पाणी टाळतात आणि एखाद्या दुपारी असंबद्ध बोलू लागतात. घरचे त्यास चळ किंवा बाहेरची बाधा समजतात. पुष्कळदा पाणी व क्षार योग्य प्रमाणात देण्याने, मूत्रमार्गाच्या संसर्गावर उपचार करण्याने किंवा नको असलेली गुंगीची औषधे बंद करण्याने माणूस पूर्ववत होतो. पडून डोक्यास मार लागल्यावर काही आठवड्यांनी विस्मरण सुरू झाल्यास कवटीच्या आत रक्त साकळल्याचा संशय घ्यावा. अवटू ग्रंथीचे मांद्य व खिन्नता ही आणखी दोन फसवी कारणे. खिन्नतेचा रोगी ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार स्वतः करतो. स्मृतिभ्रंशाचा रोगी बहुधा तक्रार करीतच नाही. कर्ज, नापिकी किंवा तरुण मुलाचा मृत्यू यांनी खचलेल्या वृद्धाच्या मौनास बुद्धीचा ऱ्हास ठरविणे ही चूक जिल्ह्याच्या परिस्थितीत विशेष टाळली पाहिजे.

प्रतिबंध व उपचार : एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा घटक निश्चित करून ते सर्व दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा अंदाज वर्तविला. तो लोकसमूहाला लागू आहे; एकेका व्यक्तीला तशी हमी देता येत नाही. फिनलंडमध्ये १,२६० वृद्धांवर केलेल्या प्रयोगात (२०१५) आहार, व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तवाहिन्यांच्या विकारांची देखरेख यांच्या एकत्रित योजनेने दोन वर्षांत बोधनक्षमता थोडी सुधारलेली आढळली. उपलब्ध औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात. प्रथिनांचा साठा कमी करणाऱ्या नव्या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. परंतु त्याचा लाभ माफक असून किंमत व आवश्यक तपासण्या पाहता जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर त्याचा विचार करता येत नाही.

शुश्रूषा : रोग्याचा सांभाळ बहुतांशी घरातच, आणि घरात बहुतांशी सुनेकडून होतो. रोगी तोच प्रश्न वीस वेळा विचारतो, जेवूनही जेवलो नाही म्हणतो, पैसे चोरल्याचा आळ घेतो, रात्री घराबाहेर निघतो. ही लक्षणे आजाराची आहेत हे ठाऊक नसल्यास ती स्वभावाची वाटतात. मग भांडणे होतात व सून वाईट ठरते. नेहमीच्या जागा न बदलणे, उजेड पुरेसा ठेवणे, वाद न घालता विषय पालटणे, जमतील ती कामे, जसे शेंगा फोडणे, वाती वळणे, निवडटिपण, रोग्याकडेच ठेवणे आणि शुश्रूषा करणाऱ्यास आठवड्यातून काही तास मोकळीक देणे हे उपाय साधे पण गुणकारी आहेत. जुने अभंग व ओव्या नव्या आठवणी पुसल्या गेल्यावरही दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे अस्वस्थ रोग्याला शांत करण्यास त्यांचा उपयोग होतो.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला; त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र विभागाची तरतूद आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये संमत झाला. त्याखालील अर्ज वृद्धाने स्वतः करावयाचा असतो. तो असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते व न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यासाठी बँकेत अंगठ्याचा ठसा व हयातीचा दाखला देणे विस्मरणाच्या रोग्यास अवघड जाते. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे असून त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. अर्थात स्मृतिभ्रंशाच्या रोग्याची जागा मनोरुग्णालयात नव्हेच. परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत शासकीय महाविद्यालयीन रुग्णालयातील तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी जिल्ह्यातील रोग्यास नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागे.